साडभाऊंचं लिव्हर

थंडीत लोक वऱ्हाडात संत्री आणि हुरडा खायला जातात. मला बायकोनं साडूला दवाखान्यात न्यायला पाठवलं.

साडू म्हणजे मनोहरराव, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, कुंदाताईंचे यजमान. अमरावती जिल्ह्यात वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे. दिवाळीनंतर कुंदाताईंचे फोन वाढले होते. चालताना यांना दम लागतो, छातीवर हात ठेवतात, विचारलं की 'पित्त' म्हणतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की उठून बागेत जातात. मीनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "आमच्या माहेरचे जावई तुम्ही दोघंच. ते तुझंच ऐकतील," ती म्हणाली. या घरात माझं कोण ऐकतं हे तिला चांगलं ठाऊक आहे, पण मी निघालो.

मी निघालो त्याला आणखी एक कारण होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि सोनोग्राफीत निघालं 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन'. जन्मात दारूला शिवलो नाही, आणि माझं लिव्हर खराब! मला तो सरळ अपमान वाटला. तेव्हापासून घरात बसवेना. बसलो की पाय हलायचा, उभा राहिलो की कुठे जावं कळायचं नाही. सामानात चालायचे बूट, भाजलेल्या फुटाण्यांचा डबा आणि 'कुठेही जास्त खायचं नाही' हा निश्चय घेतला. तिन्हींपैकी फक्त बूट टिकले.

अकोला

नोकरीत असताना काही वर्षं माझी बदली अकोल्याला होती. माझं लग्न तिथंच जमलं, आणि डॉ. सिद्धार्थशी मैत्रीही तिथलीच. तेव्हा तो शेजारी राहायचा, सरकारी दवाखान्यात होता. आता निवृत्त झालाय, पण सकाळी तासभर घरी रोगी बघतो, कारण गल्ली त्याला निवृत्त होऊ देत नाही. साडूला गाठण्याआधी त्याचा सल्ला घ्यावा म्हणून मी आधी अकोल्याला उतरलो.

त्यानं मला थेट आलुबोंड्याच्या गाडीवर नेलं. वर लाल रस्सा, त्यावर शेव. पुण्यात वड्याबरोबर चटणी मिळते, इथे वडा रश्श्यात पोहतो. सिद्धार्थनं अर्धा बोंडा स्वतः खाल्ला, उरलेला अर्धा माझ्यापुढे सरकवला आणि माझी प्लेट परत केली.

"ग्रेड दोन ना तुह्यं? मंग अर्ध्यात भागव."

मी तक्रारीचा पाढा वाचला. दारू नाही, तंबाखू नाही, तरी असं का? आणि चरबी साठली तर साठली, गोदामात पोती पडून असतात तशी पडून राहील, तिनं कोणाचं काय बिघडतं?

"हेच तं चुकते तुमचं," तो म्हणाला. "पोट म्हणजे गोदाम नाई बे, कारखाना होय. पायात काटा रुतला तं काय होते? लाल होते, सुजते, ठणकते. शरीराची फौज येते, काम करते अन् वापस जाते. चरबीच्या पेशी फुगून फुगून गुदमरल्या का थ्याही बोंब मारतात. फौज येते. पण इथं काटाच नाई, त काढाव काय? मंग थे फौज वापसच जात नाई. तिथंच तळ ठोकते, अन् रोज थोडी थोडी आग लावत राह्यते."

"कुठे?"

"जिथं जाईन तिथं. लिव्हरात गेली का लिव्हर सुजते. रक्ताच्या नळीत गेली का नळीच्या अस्तराखाली चरबी अन् हे शिपाई मिळून गाठ बांधतात. ठणकत नाई, ताप येत नाई. मानूस मनते, मले काय झालं? लिव्हरवाला मानूस बहुतेक लिव्हरनं मरतच नाई, हृदयानं मरते. लिव्हर अन् हृदय आपल्याले दोन वाटतात, आग एकच आहे."

माझा पाय टेबलाखाली हलायला लागला. सिद्धार्थनं तो आपल्या पायानं दाबून धरला.

"तुह्या साडूचं लिव्हर पाह्यलं काय कोनी?"

"फोनवर मी त्यांच्या छातीचं सांगितलं होतं. लिव्हर कुठून काढलंस?"

"चालल्यावर दाटते अन् थांबल्यावर मोकळं होते, असं असलं त थे पित्त नाई. आधी येवढं पाह्य. अन् बसल्याजागी दुखलं त विचारत बसू नको, तसाच गाडीत घाल."

बाळापूर

मी त्याच्या घरात येरझारा घालायला लागल्यावर तोच वैतागून म्हणाला, "चाल, तुले बाळापूरचा किल्ला दाखवतो." दोन नद्यांच्या मध्ये उंचावर विटांचा थोराड किल्ला आहे. दरवाज्यामागे दरवाजा, वर बुरूज, खाली काळ्या रानात उभी तूर. सिद्धार्थ माहिती सांगत होता आणि मी चढताना स्वतःची छाती ऐकत होतो. धडधड वाढली की वाटे, झालं, गाठ फुटली. मी खरोखर घाबरलो होतो.

पुण्यात आम्ही सकाळी टेकडी चढतो, खाली येऊन साबुदाणा वडा खातो आणि हिशेब मिटला असं समजतो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "इकडं मंधातलं चढनंच नाई, सरळ वडा." बुरुजावर बसून दोघंही हसलो. हसताना मात्र छातीकडे लक्ष गेलं नाही.

अमरावती

अमरावतीत एक दुपार थांबलो. कारण गिला वडा, असं घरी सांगितलं. तो खाल्लाही: दह्यात भिजलेला, वरून तिखट, आणि सिद्धार्थ बरोबर नसल्यामुळे पूर्ण. खरं कारण वेगळं होतं. हृदयाच्या एका डॉक्टरांकडे मी मनोहररावांना न विचारताच त्यांच्या नावानं परवाची वेळ घेऊन ठेवली. नंतर मोर्शीमार्गे वरूडला जाणाऱ्या गाडीत बसलो. बायकोला फोन लावला.

"ते चिडले तर?"

"चिडू देत," मीना म्हणाली. "माझ्या बहिणीचं कुंकू त्यांच्या रागापेक्षा मोठं आहे."

शेंदूरजनाघाट

वरूडच्या अलीकडेच हवेला संत्र्याच्या सालीचा वास यायला लागतो. रस्त्याकडेला पेट्या भरणं चाललेलं, ट्रक एकामागे एक उभे. मनोहरराव मोटारसायकल घेऊन फाट्यावर आले होते. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, आणि पूर्वी नव्हतं असं पुढे आलेलं पोट.

"याहो साडभाऊ! वाळले तुमी लय. पुन्यात खायाले देत नाईत काय?"

त्यांच्याविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. हा माणूस म्हणजे इथली दारूबंदी. बायकांची समिती आहे, तिची पुढारी शांताबाई, मोर्चे त्या काढतात. पण प्यायलेल्याला समजावणं, सुटेपर्यंत त्याच्या उशाशी बसणं हे काम मनोहररावांचं. त्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात. आणि इथली एक रीत मी पहिल्यांदा ऐकली. एखाद्याची दारू सुटली की त्याची बायको रोडगे घालते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, फोडायचे आणि वर तूप ओतायचं. पहिली धार भाऊंच्या पानात. भाऊंनी 'पुरे' म्हणायचं नाही. म्हटलं तर सुटलेल्याची शपथ कच्ची राहते, असा बायकांचा ठाम समज. त्यामुळे गेली कित्येक वर्षं जितके संसार सावरले तितकं तूप मनोहररावांच्या पोटात गेलं होतं. एरवीची तिखट रश्श्याची जेवणं, गोड चहा आणि समितीच्या बैठका वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी असेच रोडगे होते. गजानन नावाच्या ट्रॅक्टरवाल्याची दारू सुटली होती.

सकाळी मनोहररावांनी मला बाग दाखवली. कुठल्याशा झाडाशी थांबायचे, पान उलटून बघायचे, फळ हाताळायचे, पुढे निघायचे. किती बारीक लक्ष आहे, मी मनात म्हटलं. जरा वेळानं ध्यानात आलं की दर काही झाडांनंतर ते थांबतात, आणि थांबल्यावर डावा हात सदऱ्याच्या गुंडीशी जातो. झाडाला काही झालेलं नव्हतं.

"भाऊ, थांबलं की मोकळं वाटतं का?" मी विचारलं.

ते बांधावर बसले. मी शेजारी बसलो आणि काय बोलावं कळेना म्हणून माझंच गाऱ्हाणं सुरू केलं: लिव्हर, ग्रेड दोन, अपमान. ते एकदम वळून माझ्याकडे पाहायला लागले.

"तुमी पेता काय?"

"छे हो!"

"कधीमधी? बँकेत पार्टी-बिर्टी?"

"नाही म्हटलं ना. खाऊन आणि बसून होतं ते."

"खरं सांगून राह्यले?" त्यांचा आवाजच बदलला. "माह्यंही थेच आहे."

मग सगळं बाहेर आलं. वरूडला त्यांनी सोनोग्राफी केली होती. पोटावर यंत्र फिरवता फिरवता तिथल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, दारू किती घेता? पडद्यापलीकडे गावातलेच लोक नंबर लावून बसले होते. मनोहरराव बाहेर आले, सगळ्यांना 'गॅस आहे' म्हणाले, आणि त्यानंतर कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाहीत.

"लिव्हर म्हटलं का गावाले गिलास दिसते, साडभाऊ. माह्या नावावर हे पोट्टे दारू सोडून राह्यले. उद्या दारूचा दुकानदार मनन, पाहा, तुमचा भाऊच चोरून पेते. बाकीचे सोडा, हा गजानन सांजच्याले दुकानात जाऊन बसन. त्याच्या घरी दोन लेकरं आहेत. मी मेलो त चालन. पन हे नाई चालन."

मला राग आला आणि रडूही आलं. मी सिद्धार्थनं सांगितलेली फौज, आग, गाठ सगळं धडाधड सांगून टाकलं, बरंचसं उलटसुलट. अमरावतीची वेळ घेतल्याचंही कबूल केलं. ते चिडले नाहीत.

"रोडगे होऊ द्या," एवढंच म्हणाले. "मंग पाहू."

पंगत बागेतच बसली. गोवऱ्या वरून राखेनं पांढऱ्या, काडीनं उकरलं की आत लालबुंद. तिथं उभं राहवेना इतकी धग. सिद्धार्थ काय सांगत होता ते मला तिथं नीट कळलं. वांग्याची भाजी, वरण, मिरचीचा ठेचा वाढून झाला. गजाननची बायको रेखा तुपाचं भांडं घेऊन आली. मनोहररावांच्या पानात तिनं धार धरली आणि ते मुकाट बघत राहिले. माझं लक्ष त्यांच्या गुंडीशी गेलेल्या हाताकडे होतं. मग ती माझ्याकडे वळली. दुसरा मान पाहुण्याचा, आणि मी तर कुंदाताईंच्या माहेरचा जावई.

मी पानावर आडवा हात धरला.

"जरासं घ्या ना जी. शपथेचं आहे."

सगळ्या प्रवासातली भीती तिथं वर आली. "नको हो!" मी जवळजवळ ओरडलोच. "माझं लिव्हर खराब आहे!"

गजाननचा घास हातातच राहिला. कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी शांताबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि आजारी पोराशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "लाजू नका जवाईबुवा. सुटते. आमच्या समितीत बसत जा चार दिवस. हा गजानन तं नालीत पडून राहे, त्याची सुटली, तुमची काहून नाई सुटनार?"

"अहो, मी पीत नाही!"

"सुरवातीले समदे असंच मनतात," शांताबाई म्हणाल्या, आणि पंगतीतल्या साऱ्या सुटलेल्यांनी समजुतीनं माना हलवल्या.

कोण विश्वास ठेवणार? पुण्याचा माणूस, बँकेत होता, एकटा हिंडतोय, हात थरथरताहेत. मी मनोहररावांकडे पाहिलं. ते पानातल्या तुपाकडे पाहत होते. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता; दारुडा म्हणवून घेऊन मी दोन दिवसांत पुण्याला गेलो असतो, आणि त्यांना इथंच राहायचं होतं.

ते उठून उभे राहिले.

"थो पेत नाई," ते म्हणाले. "अन् माह्यंही लिव्हर तसंच आहे. मीबी पेत नाई. आमच्या अंगात चरबीनं आग लावली, थे पोटातून छातीलोक आली. मले चालता येऊन नाई राह्यलं. उद्या अमरावतीले जाऊन राह्यलो."

रेखाच्या हातातलं भांडं तसंच तिरकं राहिलं आणि तूप मातीत सांडत होतं. "भाऊ, मीच ओतलं ना हे," ती म्हणाली. "समद्याइच्या रोडग्याले मीच वाढत जाओ." शांताबाईंनी तिच्या हातून भांडं काढून घेतलं.

गजानन अर्ध्या पानावरून उठला. हात न धुता, कोणाकडे न बघता, बागेबाहेर चालायला लागला. मनोहररावांनी हाक मारली. तो थांबला नाही.

पुन्हा अमरावती

सकाळी आम्ही निघालो तेव्हा गजाननचा पत्ता नव्हता. घरीही तो परतला नव्हता. रेखा आणि शांताबाई आमच्याच गाडीत बसल्या. वाटेत मनोहरराव एकदाही छातीबद्दल बोलले नाहीत. "दुकानाकडून आला काय कोनी? दिसला काय थो?" हेच परत परत.

डॉक्टर तरुण आणि घाईतले होते. अँजिओग्राफी झाली, त्यात हृदयाच्या मोठ्या नळीत जवळजवळ बंद पडलेली जागा निघाली. लगेच स्टेंट घालायला हवा, ते म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही. कुंदाताईंनी देवाचं नाव घेतलं. मी मीनाला फोन लावला. स्ट्रेचर दारापर्यंत आलं, आणि मनोहरराव उठून बसले.

"गजानन येऊ द्या."

"अहो, काय बोलताय!" माझा तोल गेला. "जीव जातोय इथे!"

"मी आत गेलो अन् वापस आलो नाई, त थो जन्मभर मनन का भाऊ खोटा होता. येऊ द्या."

डॉक्टर माझ्याकडे, मी शांताबाईंकडे. शांताबाई गजाननला निरोप पोचवायला गावात फोनवर फोन लावत होत्या. कुंदाताई नवऱ्याच्या पायाशी उभ्या राहून त्यांच्या पायाचा अंगठा घट्ट धरून होत्या. मी बाकावर बसलो, उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. माझ्यासारख्या उतावीळ माणसाच्या नशिबी इतकं थांबणं कधी आलं नव्हतं. या दोन माणसांमध्ये जे काही होतं त्यात माझ्या घाईला जागा नव्हती, एवढं मात्र मला समजत होतं.

शेवटी जिना चढून गजानन आला. कपडे मळलेले, डोळे सुजलेले. रेखानं तोंड फिरवलं.

"कुठी होता?" मनोहररावांनी विचारलं.

"दुकानापुढं बसून होतो."

"पेला?"

"नाई."

"इकडं ये. फुंक."

शांताबाईंनी मला हळूच सांगितलं की दारू सोडलेला प्रत्येक जण रोज संध्याकाळी भाऊंच्या अंगणात येतो आणि त्यांच्या तोंडासमोर फुंकर मारतो. भाऊ 'जा' म्हणाले की घरी जातो. गजानन स्ट्रेचरवर वाकला आणि फुंकर मारली. मनोहररावांनी डोळे मिटून वास घेतला. त्यांचा चेहरा सैल झाला.

"जा," ते म्हणाले.

गजानन गेला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

"आता तुमी," तो म्हणाला.

मी पुढे सरकलो, हे काय भलतंच, असं म्हणायला. शांताबाईंनी माझा दंड धरला. मनोहरराव त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नसावं. मग त्यांनी, छाती दाबून धरत, मिळेल तेवढा श्वास घेतला आणि गजाननच्या तोंडावर फुंकर मारली.

गजानननं वास घेतला. पुन्हा घेतला. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि डॉक्टरकडे वळून म्हणाला, "न्या आता भाऊले."